सिरसघाटात हाक मारत नाहीत

सक्करदऱ्याच्या चौकात प्रयागबाईचा तर्रीपोह्यांचा ठेला आहे, आणि तिच्या तोंडाला लागायची कुणाची हिंमत नाही. सकाळी तिथं वकील उभे असतात, ऑटोवाले उभे असतात, क्लासला निघालेली पोरं उभी असतात, आणि सगळे पोह्यांबरोबर तिची बोलणीही मुकाट गिळतात. कुणी म्हटलं, "बाई, तर्री कमी आहे," की ती पळी हवेत धरून विचारते, "पोहे खाले आला का आंग धुवाले?" आणि दोन पळ्या जास्तच ओतते.

अशा या बाईच्या तोंडात जगातला कुठलाही शब्द बसायचा, एक सोडून. नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्याची वेळ आली तेव्हा ती अशी काही रडायला लागली, की शेवटी मामीनंच तिच्यावतीनं नाव घेऊन टाकलं. बाईनं नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, असं तिच्या आईनं सांगितलं होतं. आईच्या बाकी कुठल्याच गोष्टीवर प्रयागबाईचा विश्वास नव्हता, पण ही एक तिनं पदराच्या गाठीला बांधून ठेवली. रेशनच्या दुकानात मालकानं नवऱ्याचं नाव विचारलं तर म्हणाली, "आरशात काय दिसते? ते. त्याले राव लावा." मालकानं डोकं खाजवून 'तोंडराव' लिहिलं. रांगेतला शेजारी ओरडला, "अरे बाप्पा, रुपराव लिहा!" तेव्हा कुठं साखर मिळाली.

घरात ती त्याला 'अजी' म्हणायची. अजी, चहा झाला. अजी, पोट्टी रडून राहिली. रुपरावचं आपलं एकच उत्तर असायचं, "बोल वं." तो विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा. नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांतून त्याला बोलावणं यायचं, आणि उन्हाळ्यात तर घरी पाठ टेकायला सवड नसायची. अशाच एका उन्हाळ्यात तो मोटारसायकल घेऊन गेला तो आलाच नाही. गाडी तिकडच्या एका एसटी स्टँडवर सापडली. नीट कुलूप लावलेली, हॅंडलला पान्यांची पिशवी अडकवलेली. माणसाचा पत्ता नाही.

ठाण्यात तक्रार लिहायला ती एकटीच गेली होती. हवालदारानं हरवलेल्याचं नाव विचारलं आणि ही पदराचं टोक तोंडात धरून बसली. तो बिचारा कोड्यात वगैरे पडणारा नव्हता. "नाव नाही सांगत त शोधू कोणाले, बाई?" तो म्हणाला. मग तिनं भासऱ्यांना, नवऱ्याच्या थोरल्या भावाला, बळीरामजींना, बोलावून आणलं आणि त्यांनी नाव लिहून दिलं. हवालदाराचं ते वाक्य तिनं कुणाला सांगितलं नाही.

याला बारा वर्षं झाली. मधल्या काळात रुपराव लोकांना सगळीकडं दिसला. कुणाला पांढुर्ण्यात दिसला, कुणाला वर्धा स्टेशनवर, आणि एकाला तर छिंदवाड्यात दुसरी बायको घेऊन भाजी घेताना दिसला. त्या एकाला प्रयागबाईनं ठेल्यावरून हाकलून दिलं. पण रात्री ती त्याच भाजीवाल्या रुपरावचा विचार करत झोपली, कारण त्यात निदान तो जिवंत होता. कपाळाचं कुंकू तिनं पुसलं नाही. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या आणि वाटी पुढं करताना क्षणभर थांबायच्या. तो क्षणभर तिला बारा वर्षं चावत आला होता.

मग मुलीचं, मिनलचं, लग्न ठरलं. उमरेडचा अश्विन, चांगला पोरगा, घरचे लोक साधे. सगळं मजेत चाललं होतं, तोवर पत्रिका छापणाऱ्यानं फोनवर विचारलं, "मुलीच्या वडिलांच्या नावामागं काय टाकू? श्री. का कै.?"

मिनलनं फोन आईकडं दिला. आईनं तो कानाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

बळीरामजींनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी येऊन ओसरीवर बसले. भावजयीशी ते समोरासमोर बोलत नसत, तीही डोक्यावर पदर घेऊन दाराआड उभी राही. ते मिनलला म्हणाले, "पोरी, तुह्या आईले सांग. बारा वर्सं झाले. आता पळसाचा पुतळा करून आग देऊन टाकू. पारशिवनीच्या पुढं नदीकाठी सिरसघाट हाय, तिथं जुनं पडकं देऊळ हाय. ज्याचं मढं भेटलं नाही, त्याचं तिथं करते लोकं."

दाराआडून भांडी आपटल्याचा आवाज आला, तो बळीरामजींनी होकार धरला.

शेजारपाजारात सांगितलं ते असं, की लग्नाआधी एक जुनं हेमाडपंती देऊळ पाहायला जातो. खोटं नव्हतं ते. दिवाळी होऊन गेलेली, हवेत गारवा आलेला. तिघं पारशिवनीच्या एसटीत बसले. बळीरामजींच्या मांडीवर पळसाच्या पानांचं पोतं होतं. कंडक्टरनं तिकिटं फाडताना पोत्याकडं पाहिलं आणि हसून विचारलं, "लग्नाच्या पत्रावळी काय, काका?" बळीरामजी "हो" म्हणाले. मिनल खिडकीबाहेर बघत राहिली, आणि प्रयागबाईनं आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या कंडक्टरला उलट उत्तर दिलं नाही.

पारशिवनीहून ऑटो केला. गाव यायच्या आधीच, चिंचेच्या एका झाडाखाली, ऑटोवाल्यानं गाडी बंद केली. "इथून पायी जा," तो हळू आवाजात म्हणाला. "अन् एक ध्यानात ठेवा. आत कोणाले हाक नोका मारू."

"काहून?" प्रयागबाईनं विचारलं.

"मारत नाहीत," एवढंच म्हणून त्यानं ऑटो ढकलत वळवला आणि बराच लांब गेल्यावर सुरू केला.

सिरसघाट तसं मोठं गाव. दुकानं होती, पक्की घरं होती, डिशच्या छत्र्या होत्या. पण आवाज नव्हता. एक म्हातारा रस्त्याच्या या बाजूनं त्या बाजूला गेला आणि दुसऱ्याच्या खांद्याला हात लावून मग बोलायला लागला. एक बाई आपल्या बकरीसाठी नुसत्या टाळ्या वाजवत होती. घाटावर धुणं धुणाऱ्या बायका कपडे आपटत नव्हत्या, चोळत होत्या. पेंच नदीचं पाणीसुद्धा तिथं कडेकडेनं, लोकांचं ऐकून शिकल्यासारखं, गुपचूप चाललं होतं. नागपूरच्या चौकात जन्म काढलेल्या प्रयागबाईला ती शांतता कानात बोटं घातल्यासारखी वाटू लागली.

मिनल मोबाईलवर फोटो काढत मागं राहिली होती. घाटाच्या वळणावर ती दिसेना, तशी प्रयागबाई मागं वळली आणि पोरीला हाक मारायला तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात कुणाचा तरी कोरडा, खरखरीत हात तिच्या तोंडावर बसला.

"मारू नोको, माय," हात धरणारी म्हातारी म्हणाली. "जाऊन घेऊन ये तिले."

ही यमुताई. मढं न सापडलेल्या माणसांच्या क्रियाकर्माचा मान तिच्या घराण्याकडं होता. भटजीचं इथं काम नसे, पोथी नसे. पुतळा ज्याचा त्यानं बांधायचा, रीत यमुताईनं सांगायची.

"हाक मारली त काय होते?" मिनलला हाताला धरून आणल्यावर प्रयागबाईनं तिला विचारलं.

"देऊळ ओ देते," यमुताई म्हणाली. जणू गावात नळ कधी येतो ते सांगावं इतक्या सहज. "माया लहानपणी एका बाईनं घाटावरून नवऱ्याले हाक मारली. नवरा नावेत होता. ओ देवळातून आली, बाई देवळात गेली. संध्याकाळी नवरा घरी आला, बाई नाही आली. तवापासून कोणी मारत नाही."

मिनलनं मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला.

देऊळ नदीच्या अगदी कडेला होतं. शिखर कधीच कोसळून गेलेलं. खांब उभे होते, पण त्यांच्यावर छत नव्हतं. काळ्या दगडाच्या भिंतीवर बायका कोरलेल्या होत्या, कुणी आरसा पाहणारी, कुणी पायातला काटा काढणारी, आणि एकीलाही तोंड उरलं नव्हतं. पावसानं आणि वर्षांनी सगळ्यांचे चेहरे सारखे पुसून टाकले होते. तरीही त्या आपल्याकडं पाहतात असं मिनलला वाटलं आणि ती काकांच्या जवळ सरकली. गाभारा जमिनीच्या खाली होता. पायऱ्या उतरून जायचं. आत देव नव्हता, देवाच्या जागी दगडात चौकोनी खाच होती आणि घोट्याएवढं पाणी साचलेलं होतं.

बळीरामजींनी अंगणात पोतं सोडलं. दर्भानं बांधून त्यांनी पानांचे हात केले, पाय केले, छाती केली. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. भावाची उंची त्यांना आठवत होती. त्यांनी दोनदा पुतळा उभा धरून स्वतःच्या खांद्याशी लावून पाहिला आणि पाय थोडे वाढवले. ते करताना त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते.

"आता रीत ऐक," यमुताई प्रयागबाईला म्हणाली. "आत एकटीनं जायचं. आपल्या माणसाचं नाव घेऊन तीन वेळा हाक मारायची. ओ आली त तो हाय अजून कुठंतरी, आग द्यायची नाही, घरी जाऊन वाट पाह्यची. नाही आली त समजायचं गेला. मंग आग."

प्रयागबाई उतरली. पाणी थंड होतं, नोव्हेंबरच्या मानानं फारच थंड. वर उजेड होता, पण तो पायऱ्यांवरच थांबला होता. तिनं पदर सारखा केला. नाव घ्यायचं होतं. ओठ उघडले, जीभ टाळूला लागली, आणि तीस वर्षांच्या सवयीनं बाहेर आलं ते:

"अजी!"

आवाज भिंतींना लागला आणि मुरला. मग आतल्या कोपऱ्यातून, जिथं पाण्याशिवाय काही नव्हतं, एक पुरुषी आवाज आला.

"ओ."

ती वर कशी आली ते तिला कळलं नाही. अंगणात बळीरामजी उभे राहिले होते, मिनल तोंडावर हात ठेवून उभी होती. त्यांनीही ऐकलं होतं. "हाय!" बळीरामजी म्हणाले. मिनलच्या आडून बोलायचं ते विसरूनच गेले. "माया भाऊ हाय! जित्ता हाय माया भाऊ!" त्यांनी पुतळा दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवला, झोपलेल्या पोराला ठेवतात तसा. मिनल आईच्या गळ्यात पडली. "आई, बाबा आहेत. श्री.च लिहू आपण. आई, श्री. लिहू."

यमुताई तेवढी जागची हलली नव्हती. "नाव घेतलं होतं काय?" तिनं विचारलं.

प्रयागबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं.

"अजी म्हनलं हिनं. म्या आयकलं," यमुताई म्हणाली. "बिननावाच्या हाकेले कोणीही ओ देते, माय. ज्याचं नाव घ्याले मागं कोणी उरलं नाही, ते सारे इथंच बसून राह्यते. कोणी बलावते काय म्हणून."

"तुमी चूप बसा!" बळीरामजी तिच्यावर उखडले. "आमचं माणूस आमाले समजत नाही काय? तिनं बलावलं, त्यानं ओ देली. झालं!"

सगळ्यांनी प्रयागबाईकडं पाहिलं. आता ती बोलेल ते खरं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर पुतळा नदीत सोडून तिघं शेवटच्या बसनं नागपूरला गेले असते. पत्रिकेवर श्री. छापलं असतं, लग्नात तिनं हिरवा चुडा भरला असता, आणि हळदीकुंकवाच्या बायकांना सांगायला तिच्याकडं कायमचं उत्तर झालं असतं. एका 'ओ'वर तिचं उरलेलं आयुष्य निघालं असतं. आणि ते 'हो' तिला म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

पण तो घरात होता तितक्या वर्षांत तिनं हजारदा 'अजी' म्हटलं होतं, आणि रुपरावनं एकदाही 'ओ' दिली नव्हती. तो 'बोल वं' म्हणायचा. झोपेतसुद्धा 'बोल वं'च म्हणायचा. हे जगात फक्त तिला माहीत होतं आणि तिनं गिळलं असतं तर कुणालाच कळलं नसतं.

"ते नव्हते," ती म्हणाली.

"आई!" मिनल ओरडली आणि स्वतःच्याच आवाजाला भिऊन गप्प झाली.

"ते नव्हते, बाई. मी जाऊन येतो." आणि ती पुन्हा पायऱ्या उतरली.

या खेपेला ती भिंतीला हात धरून मधोमध उभी राहिली. आपण आता कुणाला तरी मारणार आहोत, असं तिला वाटत होतं. बारा वर्षं ज्याला न बोलून जिवंत ठेवला, त्याला बोलून मारायचा. तिनं डोळे मिटले.

"रुपराव," ती म्हणाली.

केवढं लहान नाव. तिला वाटलं होतं ते तोंडात मावणार नाही. ती थांबली. पाणी स्थिर होतं.

"अजी... रुपराव." आता आवाज फुटला. काही नाही. वरून वटवाघळाची फडफड तेवढी आली.

तिसऱ्यांदा तिनं ठेल्यावरचा आवाज काढला, चौकाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. "रुपराव! कुठं हाय तुमी? मी बलावून राहिली! रुपराव!"

दगडांनी ते नाव तिला परतसुद्धा दिलं नाही. साधा घुमारा नाही. ती शांतता इतकी पुरी होती, की त्यात शंका धरायला जागाच उरली नव्हती. रुपराव गेला. केव्हा गेला, कुठं गेला, कुणी पाणी पाजलं की नाही, हे काही कळणार नव्हतं. पण गेला. प्रयागबाई त्या पाण्यात उभी राहून रडली, नवरा आजच मेलेल्या बाईसारखी, मोठ्यानं, नाक पदराला पुसत.

रडणं ओसरलं तशी ती जायला वळली. पायरीवर पाऊल ठेवलं, आणि मागून आवाज आला.

"ओ."

कुणीच हाक मारली नव्हती. आवाज मघासारखाच होता, पण आता कोपऱ्यातून नव्हता. तिच्या खांद्याच्या मागं, हातभर अंतरावर होता. त्यात दटावणी नव्हती, धाक नव्हता. रांगेत फार वेळ उभ्या असलेल्या माणसानं आपला नंबर आला काय म्हणून चाचपावं, तसा होता. पाय म्हणत होते, पळ. घाटावरची ती बाई आठवली, जी परत आलीच नाही. मान मागं वळवायची नाही एवढं तिला नक्की कळत होतं.

तिनं मान वळवली नाही. पण पळालीही नाही.

"कोन हाय गा?" समोरच्या पायरीकडं पाहत ती म्हणाली. "ओ ओ काय करून राहिला मघापासून? नाव सांग ना."

घोट्याशी पाणी एकदा हललं. मग, पुष्कळ दिवसांत न उच्चारलेला शब्द आठवून आठवून सांगावा तसं, कानाशी आलं:

"नत्थू."

ती वर आली तेव्हा नदीवर उन्हाचा शेवटचा लाल पट्टा होता. वर फक्त तिच्या हाका आणि तिचं रडणं ऐकू आलं होतं, दुसरी ओ नाही. बळीरामजींनी पुतळा परत मधोमध आणला. मिनलनं आईच्या कपाळावरचं कुंकू पाहिलं आणि दुसरीकडं पाहिलं. प्रयागबाईनं ते स्वतःच पदरानं पुसलं. भावाचं नाव घेत बळीरामजींनी काडी लावली. हिरवट पानं आधी नुसती धुमसली, मग धडाडली. नारळ फुटला.

आग बसत आली तेव्हा प्रयागबाई डोक्यावरचा पदर न ओढता थेट भासऱ्यांना म्हणाली, "भाऊजी, पानं उरले काय?"

बळीरामजी दचकले. "उरले. काहून?"

"अजून एक बांधा. लहान बांधला तरी चालते."

"कोणाचा?"

"नत्थूचा."

"कोन नत्थू?" यमुताई पुढं आली. "इथं नाही असा कोनी झाला. म्या नाही आयकला."

"मले बी माहीत नाही. म्या पुसलं, त्यानं सांगतलं."

बळीरामजी देवळाच्या काळ्या दाराकडं पाहत मागं सरकले. "बाई, आपला ना तुपला. परक्याले आग कोन देईन?"

"मी देतो," प्रयागबाई म्हणाली. "आपले बी असेच कुठं बसले असतीन, भाऊजी. इथं नाही त दुसऱ्या कोण्या देवळात, कोण्या पुलाखाली. कोन्या तरी परक्या बाईनं त्याइले नाव पुसलं पाह्यजे ना."

बळीरामजींनी खाली बसून पोत्याचं तोंड पुन्हा सोडलं.